तीन वर्षं चाललेला कॉम्प्युटर क्लास

आमच्या गोदामात मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. मालाला निदान एक्सपायरी डेट असते!

भिवंडीच्या आजूबाजूला गोदामांना काय तोटा? पण आमचं जरा वेगळं. बाकीच्या गोदामांतून माल दुकानात जातो, आमच्याकडे दुकानातून परत येतो. फुटलेल्या शॅम्पूच्या बाटल्या, चेपलेले क्रीमचे डबे, तारीख उलटलेली पावडर. बायका दिवसभर उभ्या राहून बरा माल आणि वाईट माल वेगळा काढतात आणि मी काचेच्या केबिनमध्ये बसून त्याची कॉम्प्युटरवर नोंद करते. बी.कॉम. झाल्यावर ही नोकरी मी माझी मी मिळवली, कोणाच्या ओळखीने नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघी एकत्र डबा खातो. मी, वनितावहिनी आणि शमीम. पुढचे सगळे किस्से त्या डब्याबरोबर वाटून खाल्लेले आहेत. एक सोडून.

* * *

नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन घरी गेले. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, पेढा हातातच धरला.

"गोदामात? पोरगी गोदामात कामाला जाते हे लोकांना कललं तर?"

आमची जमीन होती, ती विकली. ती नक्की कुठल्या गोदामाखाली गेली हे आता आबांनाही बोट दाखवून सांगता येत नाही. पण आपण जमीनवाले, हे मात्र ते विसरलेले नाहीत. आमच्या गावात जमीन विकलेला प्रत्येक माणूस पुढे डेव्हलपर झाला, तसे आबाही झाले. रोज सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात, काळं पाकीट काखेत मारतात आणि "साईटवर जातो" म्हणून निघतात. साईट कुठे आहे, तिथे काय बांधतायत, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. घरातल्या मोठ्या माणसाला प्रश्न विचारला की ते उलट उत्तर धरलं जातं!

तर डेव्हलपरची मुलगी गोदामात कशी जाणार? तोडगा आबांनीच काढला.

"कॉम्प्युटरवरच बसतेस ना? मंग क्लासला जाते म्हनून सांगायचं."

"क्लासला पगार मिळतो का, आबा?"

"पेढा चांगला हाय," आबा म्हणाले.

* * *

पहिल्या वर्षी गावात माझं कौतुक झालं. दुसऱ्या वर्षी लोक गप्प बसले. तिसऱ्या वर्षी शेजारच्या काकूंनी भर रस्त्यात हाक मारली, "काय गो बाय, अजून पास न्हाय झालीस?"

मी म्हटलं, "अवघड आहे, काकू."

"आमच्या भाचीचा तं तीन महिन्यांत झाला!"

मग एक स्थळ आलं. मुलगा बरा होता, मला थेट विचारायची त्याची हिंमत झाली नाही एवढंच. चार दिवसांनी मध्यस्थाकडून नकार आला. कारण ऐकून आई देवघरासमोर जाऊन बसली. मुलाची आई म्हणाली होती, "जिला साधा कॉम्प्युटरचा कोर्स तीन वर्षांत जमत न्हाय, ती संसार काय करनार?"

नोंदीतल्या चुका शोधायला हेड ऑफिसचे लोक मला फोन करतात आणि गावात मी ढ! मी आबांना सांगितलं, "आता तरी खरं सांगा सगळ्यांना. मी नोकरी करते."

आबांनी दुसराच अर्थ काढला. "म्हंजे क्लासच नडतोय. अक्षय तृतीयेनंतर क्लास बंद. घरात बसायचं."

दुसऱ्या दिवशी हे शमीमला सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तेव्हापासून माझं नाव पडलं, क्लासवाली. मी मात्र हसले नाही. अक्षय तृतीया फार लांब नव्हती.

* * *

घरचं खोटं बोलणारी मी एकटी नाही. वनितावहिनी मोठ्या घरातली सून. दारात गाडी, गळ्यात भरघोस मंगळसूत्र, आणि नवरा दिवसभर नाक्यावर बसून गाडीच्या काचा खालीवर करणारा. सून कामाला जाते हे सासूला कुठे सांगायचं नसतं. म्हणून ती सगळ्यांना सांगते, "तिचे गुडघे दुखतात. अकलोलीला गरम पान्याच्या कुंडात शेकायला जाते."

आठवड्यातून सहा दिवस!

गावातल्या म्हाताऱ्या बायका वहिनींना गाठून विचारतात, "फरक पडला का गो?" वहिनी म्हणतात, "हळूहळू पडतोय."

आता दोन वर्षं रोज उभ्याने माल निवडून वहिनींचे गुडघे खरोखरच गेले. जिना चढताना डोळ्यांत पाणी येतं. शेवटी एका रविवारी धीर करून त्या सासूला म्हणाल्या, "आई, गुडघे फार दुखतात ओ. एकदा अकलोलीला जाऊन येऊ का?"

घरात पाहुणे बसले होते. सासू ठसक्यात म्हणाली, "रोज तं जातेस!"

* * *

शमीमच्या घरी सगळं खरं बोलतात, कारण खोटं बोलायला दोघं एका वेळी घरी असतच नाहीत. ती भिवंडीत राहते. नवरा कापडाच्या लूमवर रात्रपाळी करतो. तो सकाळी दारात शिरतो तेव्हा ही बाहेर पडते. दरवाजातच किल्ली त्याच्या हातात द्यायची, "दाल ढकी हुई है" एवढं सांगायचं आणि रिक्षा पकडायची. त्याच्या लूमला सुट्टी शुक्रवारी, हिची रविवारी.

एकदा वनितावहिनींनी न राहवून विचारलं, "अगं शमीम, मग तुम्ही नवरा-बायको भेटता तरी कधी?"

शमीम डब्यातून मान वर न करता म्हणाली, "बत्ती जाती है तब. मेरे दोनों बच्चे लोडशेडिंग के हैं!"

वहिनींच्या हातातली भाकरी खाली पडली. तेवढ्यात गोदामातली लाईट गेली आणि कोपऱ्यातल्या पोरी नेहमीसारख्या टाळ्या पिटायला लागल्या. आम्हाला महिन्याचा पगार, लाईट गेली की तेवढाच आराम. शमीम मात्र डबा झाकून म्हणाली, "बजाओ ताली. रात को जाएगी तो मेरेवाले का लूम भी बंद होगा. उसको कपड़े के मीटर पे मिलता है, मोहब्बत पे नहीं."

* * *

एकदा हेड ऑफिसातून टाय लावलेला एक मुलगा ट्रेनिंग द्यायला आला. आम्हाला गोल बसवलं. बसायला मिळालं म्हणून बायका खूश! मग त्याने गोड आवाजात विचारलं, "सकाळी उठल्यावर, आज कामावर जायचंय म्हटलं की तुम्हाला आतून कसं वाटतं?"

वनितावहिनी म्हणाल्या, "असं रोज बसवनार असाल तर बरं वाटेल."

शमीम म्हणाली, "लगने का टाइम किधर है?"

मी म्हटलं, "घरातून निघाल्यावर बरं वाटतं आणि इथे पोचल्यावर वाईट. मधला रस्ता चांगला आहे." त्याने मान डोलावली. पुढे काय बोलायचं हे त्याला शिकवलेलं नसावं.

मग आमचे सुपरवायझर सावंतसाहेब उठले. ह्यांचं रोजचं भाषण ठरलेलं. आमच्या वेळी असं नव्हतं, आजच्या पोरांना काम नको, काम म्हणजे देव. पाच मिनिटं उशीर झाला तरी देवाच्या नावाने अर्धा दिवस कापतात. ते छाती काढून म्हणाले, "मला आनंद वाटतो! एकवीस वर्षं झाली नोकरीला, रोज आनंद!"

"वा! आणि सर, सुट्टीच्या दिवशी तुम्ही काय करता?"

"इथंच येतो."

"सुट्टीच्या दिवशी?"

"मग घरी बसून काय करू? तिथं मला कोण साहेब म्हणतं?"

टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच कळेना.

* * *

गोदामात शिरताना आणि निघताना गेटवर वॉचमन आमच्या पिशव्या तपासतो. आत कॅमेऱ्याचा मोबाइल न्यायचा नाही, बाहेर शॅम्पू न्यायचा नाही. फुटलेली, गळकी, फेकून द्यायची बाटलीसुद्धा नाही!

मागचा वॉचमन म्हातारा होता, बायकांच्या पिशवीत हात घालायला लाजायचा. पिशवी उघडायचा आणि वर आभाळाकडे बघायचा. मला त्याचा राग यायचा. तपासायचं तर सरळ बघून तपासा, नाहीतर तपासू नका. हे अर्धवट सभ्य म्हातारे मला अजिबात सहन होत नाहीत.

एकदा मी म्हटलंच, "काका, शॅम्पू वर नाहीये, खाली आहे. बघा ना!"

तो ओशाळून म्हणाला, "आजच्या दिवस चालवून घे बाई. उद्यापासून माझी साईट बदलली."

"साईट?"

"शेलार गावात टाकलंय. आमचं काय, सिक्युरिटी एजन्सी पाठवेल ती साईट."

शमीमने कपाळाला हात लावला. "अरे वा चाचा, साईट! बिल्डर हो क्या?"

सगळ्या जणी खो खो हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मी.

* * *

आता तो राहिलेला किस्सा. हा मी डब्यावर सांगितलेला नाही.

अक्षय तृतीया झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. आबा चहा पीत होते.

"क्लास बंद म्हनलो होतो ना?"

"मी जाणार आहे."

"कशाला? काय कमी हाय तुला ह्या घरात?"

माझं डोकं फिरलं. तीन वर्षं मी गावात ढ म्हणून फिरले, एक स्थळ गेलं, आणि हा माणूस मला विचारतो काय कमी आहे! मी म्हटलं, "आबा, एकदा तुमची साईट दाखवा मला. एक मजली बांधकाम दाखवा, एक खांब दाखवा. मग मी आयुष्यभर घरात बसते."

आईने तव्यावरची पोळी तशीच करपू दिली. आबांनी कप ठेवला, पाकीट काखेत मारलं आणि चहा अर्धा टाकून निघून गेले.

आता हे ओरडतील, चुलत्यांना बोलावतील, माझी चप्पल लपवतील, असं सगळं मनात ठरवून मी पंधरा मिनिटं दारात थांबले. कोणी आलं नाही. मग पळत रिक्षा पकडली.

गेटवर रांग लागली होती. नवा वॉचमन आला होता. निळा शर्ट खांद्यावरून उतरणारा, टोपी कानांपर्यंत आलेली. चौकीत त्याची खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीवर काळजीने घडी घातलेला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट.

माझ्यापुढे वनितावहिनी होत्या. त्यांची पिशवी त्याने नीट तपासली. आभाळाकडे बघितलं नाही.

मग माझी पाळी आली.

मी पिशवी पुढे केली. त्याने चेन उघडली. डबा, पाण्याची बाटली, छत्री, कंगवा. एकेक वस्तू बाजूला सारून तळापर्यंत बघितलं आणि चेन परत लावली. त्याचा हात पिशवीवरून निघेना. माझाही पाय पुढे पडेना.

मागून शमीम ओरडली, "नए चाचा, जल्दी करो! साहब आधा दिन काटेगा क्लासवाली का!"

त्याने पिशवी माझ्या हातात दिली. टोपी सारखी केली, बाजूला झाला आणि गेट पूर्ण उघडलं.

"जा बाय," आबा म्हणाले. "क्लासला उशीर होईल."