कॉइल गुंडाळणाऱ्या बाई

“काऊन नाई?”, म्हणजे ‘का नाही?’, असं बाई म्हणायच्या आणि दातांत धरलेली तांब्याची बारीक तार सोडवून पुन्हा कामाला लागायच्या. तो प्रश्न नसायचाच, निकाल असायचा.

पन्नासच्या दशकात मी वैनगंगेकाठच्या वडशाच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. स्टेशनच्या रस्त्यावर बाईंच्या नवऱ्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. तो दुसऱ्या महायुद्धात पलटणीच्या वायरलेसवर होता. परत आला तो हातांना कंप घेऊनच. मग तो खाटेवर बसून सांगायचा आणि बाई करायच्या. तो वारला तेव्हा दुकान विकलं जाणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. इद्दतचे, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायचे, चार महिने दहा दिवस बाई घरात बसल्या. ते संपले त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी दुकानाच्या फळ्या काढल्या, शेगडी पेटवली आणि निखाऱ्यात कथिलाचा डाग द्यायचं लोखंड खोवलं. गावात वीज यायची होती. दीर धावत आला.

“भाभी, बाईमानसानं रेडिओ खोलाचा?”

“काऊन नाई?”

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या अज्ञानामुळे. वीज साठवणारा कंडेन्सर आणि तारेची कॉइल जोडली की वीज मागेपुढे हेलकावते, हे मी मुलांना फळ्यावर सूत्र लिहून शिकवत होतो. मला स्वतःला ते पटलेलं नव्हतं. कंडेन्सर रिकामा झाला की संपलं, पुढे काय हेलकावणार? शेवटी लाज सोडून बाईंकडे गेलो.

त्यांनी लोखंडी गाभ्याची एक जाडजूड कॉइल काढली, मधे काटा असलेलं मीटर जोडलं, रेडिओच्या बॅटरीवर कंडेन्सर भरला आणि त्याची तारेची टोकं कॉइलला लावली. काटा उजवीकडे गेला, डावीकडे गेला, पुन्हा उजवीकडे, मग थोडा डावीकडे, आणि थांबला.

“पाह्यलं, गुरुजी? कंडेन्सर रिता झाला, पन करंट वाहतच राह्यला. आता सारी ताकद कॉइलपाशी हाय. कॉइल करंटले एकदम थांबू देत नाई. ओढतच नेते, आन् कंडेन्सर उलटा भरून देते. मग तो पुन्हा हिले देते.”

“मग थांबलं कशानं?”

“तारेनं खाल्लं. जराशी गरम झाली असन. रेडिओत एरियल दर खेपेले थोडंसं देत राह्यते. बरोबर वेळेवर आलं तर वाढते, अवेळी आलं तर बुडते. म्हनून तर एकच स्टेशन लागते.”

दुसऱ्या दिवशी मी सूत्र पुसलं आणि बाईंची कॉइल वर्गात नेली.

पुढे एका पावसाळ्याच्या तोंडावर वैनगंगेपलीकडच्या एका गावचे पाटील बैलगाडीत सरकारी रेडिओ घालून आले. चावडीवरचा तो संच महिनाभर मुका होता. खात्याचा माणूस येईना. नदीला पूर येणार का, हे गावाला त्या रेडिओवरूनच कळायचं. संचाच्या मागे लाखेचं सील होतं.

“हे तोडाले मनाई हाय,” पाटील म्हणाले.

बाईंनी पाचरीनं सील उडवलं. आत ओल जाऊन कॉइल हिरवी पडली होती, तार तुटली होती. बाईंनी बांबूच्या कांडीवर नवी कॉइल गुंडाळायला घेतली. वेढे मोजताना त्या कोणाशी बोलत नसत. मी नमस्कार केला तरी मान हलली नाही. पहिल्या खेपेला नागपूर केंद्र तबकडीवर आपल्या जागी लागेना. त्यांनी दोन वेढे उलगडले, मग आणखी एक, आणि बातम्या स्वच्छ ऐकू आल्या. पाटलांनी रेडिओलाच हात जोडले.

पंधरा दिवसांनी, बाजाराच्या सकाळी, दुकानासमोर जीप थांबली. अधिकाऱ्यानं तो संच गावातून उचलून आणला होता.

“सरकारी सील कोणी तोडलं? पाटलानं सांगितलं का?”

“मी तोडलं. पाटलाले कायले मधात घेता?”

गर्दी जमली. साहेबाचा आवाज नरमला. “बाई, बिघाड तुमच्या हातून झाला एवढं लिहून द्या, अंगठा करा. मी प्रकरण मिटवतो.”

“बिघाड माझ्या हातून झाला नाई. दुरुस्ती झाली.”

“तुम्हाला त्यातलं काय कळतं?”

“मले जेवढं कळते तेवढं सांगते. तुमी सांगा, साहेब. याचे दोन वेढे आनखी काढले, तर आतलं देनं-घेनं जलद होईन का हळू?”

साहेबांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्यामागे उभा असलेला खात्याचा मेकॅनिक हळूच म्हणाला, “जलद होईल,” आणि जमिनीकडे बघू लागला.

बाईंनी कागद ओढला. अंगठा केला नाही. उर्दूत चार ओळी लिहिल्या, खाली सही केली.

“मला हे वाचता येत नाही,” साहेब म्हणाले.

“वाचनारा शोधा.”

गर्दीत हसू फुटलं. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेचा नोकर. तरी पुढे झालो. त्या सांगत गेल्या तसं मराठीत उतरवलं: संच बंद होता, मी उघडला, नवी कॉइल घातली, आता चालतो. खाली साक्षीदार म्हणून सही केली. हेडमास्तरांनी मला त्याबद्दल तासभर उभं केलं. बाईंनी आभार मानले नाहीत. संध्याकाळी घरी शेवयांचा डबा मात्र आला.

महिन्याभरानं बाईंना पत्र आलं: सरकारी रेडिओचं सील उघडण्यास मनाई. त्यांनी ते दुकानाच्या दर्शनी खांबाला खिळ्यानं ठोकलं. गावोगावचे लोक ते वाचून घेत, घरी जात, स्वतःच सील तोडत आणि संच घेऊन येत.

“उघडलेला रेडिओ नीट कराले मनाई हाय, असं कुठी लिहिलं?” बाई मला विचारायच्या.

पार दूरच्या पोंभुर्ण्यापासून संच येत. आमच्या हयातीत सरकारी लाखेचा एवढा चुरा कोणी पाहिला नसेल.

मग माझी बदली झाली. दोन वर्षांनी पाटलांचं कार्ड आलं की बाई तापानं गेल्या, तीन दिवसांत. दुकानात आता बांगड्यांचा कासार बसतो, असंही त्यात होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीआधीच्या हिवाळ्यातल्या एका दुपारी. झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळीचा भोंगा बोलेनासा झाला होता, म्हणून बाई त्यांच्याबरोबर निघाल्या होत्या. नाटकवाल्यांच्या गाडीत बसल्या म्हणून त्यांचा दीर रस्त्यात उभा राहून ओरडत होता. पडदे, गदा, राजाचं सिंहासन असं सगळं गाडीत रचलेलं होतं. जागा उरली होती ती सिंहासनावरच. बाई त्यावर ताठ बसल्या होत्या, मांडीवर भोंग्याच्या ॲम्प्लिफायरची पेटी. मी हात वर केला. त्यांनी दोन्ही हातांनी पेटी धरली होती, म्हणून नुसती मान हलवली, आणि गाडीवानाला म्हणाल्या, “चल, हाक.”