चारी चाकांचं तेल

सासऱ्यांची मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी घरात जीप आली. गाव म्हणायचं, मालगुजारी गेली पण मिजास गेली नाही. गावाचं खरं होतं. महायुद्धाच्या वेळी बिरसीच्या विमानतळावर आणलेल्या गाड्या नंतर कुणाकुणाकडे फिरत होत्या, त्यातली एक माझ्या धाकट्या दिराने उचलली. तिचा लष्करी हिरवा रंग झाकायला त्याने वरून निळा लावला. तो पोपडे धरून निघायचा आणि खालचं हिरवं दिसायचं. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, त्या गाडीत पुढे बसायला फार आवडे. मागे कोण बसलं आहे याची त्यांना फिकीर नसे.

मी नागपूरची, मॅट्रिक झालेली. लग्नाला दोन पावसाळे झाले आणि नवरा तापाने गेला. आमच्या जातीत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, पण मालगुजाराच्या घरात तो लावायचा नाही असा मामाजींचा हट्ट. मग मी त्या घरात करायचं काय, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. धान वाळत घालायचं, गुरांच्या कुटाराकडे, म्हणजे भुशाकडे बघायचं, जेवायचं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. मुलगा गेल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलत. चूल पेटव, पाणी आण, बस्स. मला वाटे, ह्या बाईने मनात सगळा हिशोब माझ्या नावावर मांडला आहे. मीही मग तोंड उघडत नसे. एका घरात दोन बायका इतक्या कमी बोलून राहू शकतात, हे मला तिथे कळलं.

गोंदियाच्या मुलींच्या शाळेत एक बाई बाळंतपणासाठी सुट्टीवर गेल्या त्या परत येणार नाहीत असं ठरलं, आणि ती जागा मामाजींनी माझ्यासाठी शब्द टाकून मिळवली. त्यांचं हे एक काम मी कधी विसरले नाही. निरोप असा होता की सोमवारी शाळा भरायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाईल, दुसरी तयारच आहे. माझ्यासाठी ती नुसती नोकरी नव्हती. ती हुकली असती तर मी जन्मभर त्या अंगणात धान वाळत घालत राहिले असते.

आत्याबाईंना ही बातमी मामाजींनी जेवताना सांगितली. त्यांनी भात वाढता वाढता विचारलं, "घरात खायाले कमी पडून राहिलं का?" मामाजी म्हणाले, "खायाचा सवाल नाही."  त्यांचं वाढणं चालू राहिलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी दीर अंगणात जीप तयार करत होता. चालवणाऱ्याच्या पायाखालचा पत्रा त्याने उचकटला होता आणि एका छोट्या डब्यातून ब्रेकचं तेल आत ओतत होता. आत्याबाई सूप घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. त्या कधी त्या गाडीकडे बघतही नसत, म्हणून त्यांचं विचारणं माझ्या लक्षात राहिलं.

"कायले टाकतो तेल?"

"हे इथून नळीनं चारी चाकांले जाते, माय," दीर म्हणाला.

"चारी चाकांले?"

"चारीही."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तांदूळ पाखडायला घेतले.

पौष होता. सकाळी तलावावर धुकं बसलेलं, हात पदरात घेतल्याशिवाय बाहेर पडवत नव्हतं. आमचं घर तलावाच्या काठाला. हा तलाव आमच्या घराण्याच्या पूर्वजांनी बांधला, आणि मामाजी त्याबद्दल असे बोलत की कुदळ त्यांच्याच हातात होती. गावातून सौंदडच्या स्टेशनाकडे जायचं तर तलावाच्या पाळीवरून जावं लागे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं, आणि मधे एक गाडी जाईल एवढीच वाट.

ट्रंक आणि वळकटी मागे टाकली. मामाजी पुढे बसले. आत्याबाई बाहेर आल्या नाहीत. मी दाराशी थांबून "येते" म्हटलं, ते आतल्या अंधारात गेलं आणि तिथेच राहिलं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर राग आल्याने जायला सोपं गेलं.

पाळीच्या तोंडाशी एक म्हैस आडवी आली. दिराने ब्रेक दाबला, जीप थांबली, म्हैस गेली, जीप सुटेना. त्याने इंजिन जोरात केलं तेव्हा ती कशीबशी निघाली, पण ओझं ओढणाऱ्या रेड्यासारखी. थोडं पुढे जाऊन जळका वास आला. पुन्हा एकदा ब्रेकवर पाय लावून पाहत दीर म्हणाला, "दगडासारखा झाला आहे." पाळीच्या बरोबर मधोमध चारी चाकं जाम झाली. चाकांतून धूर येत होता. आम्ही ढकलून पाहिलं. मामाजींनी सुद्धा खांदा लावला. जीप तसूभर हलली नाही.

दिराने पत्रा उचलला, बूच काढलं. आत त्याचं लालसर तेल दिसायला हवं होतं. तिथे काठोकाठ पिवळं, तुपासारखं थिजलेलं काहीतरी होतं. त्याने बोट घालून वास घेतला आणि बोट मामाजींपुढे धरलं.

"टोरीचं तेल आहे."

टोरी म्हणजे मोहाची बी, आणि तिचं तेल थंडीत थिजतं, हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत. दिव्यात, केसांत, अंगाला तेच. थंडीत ते डब्यातून चमच्याने खरवडावं लागायचं. ब्रेक सोडला की नळ्यांतलं तेल परत यायला जे बारीक भोक असतं, ते ह्या गोळ्याने बंद झालं होतं. एकदा दाबलेला ब्रेक दाबलेलाच राहिला.

"आन् ह्यात हळद आहे," दीर म्हणाला. "कोनं टाकलं हे?"

मग त्यालाच काल संध्याकाळचं आठवलं असावं, कारण त्याने ते बोट घाईघाईने पुसून टाकलं. मलाही आठवलं. मामाजींना तर ओसरीवरच्या खाटेवरून ते बोलणं ऐकूच गेलेलं होतं. आम्ही तिघं त्या पाळीवर एकमेकांकडे न बघता उभे होतो. हळद घातलेलं तेल, कुणाला न सांगता, आदल्या रात्री. ह्याला गावात काय म्हणतात ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मामाजी म्हणाले, "रेंगी आनाले सांग."

रेंगी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. जीप आल्यापासून ती गोठ्यात धूळ खात पडली होती. पाळीवर जीपच्या बाजूने जायला जागा नाही, पण धान कापून झालं होतं, म्हणून गडी ती खालच्या बांध्यांतून घेऊन आला. मी पाळीचा उतार बसत घसरत उतरले. ट्रंक गड्याच्या डोक्यावरून खाली आली. मामाजी वरच थांबले, जीपपाशी. मी निघताना एवढंच म्हणाले, "मागं पाहू नको."

रेंगी इतकी कुरकुरत होती की बैलही दचकून कान हलवत. महिनोन् महिने तिच्या आसाला वंगण लागलेलं नव्हतं. दोन बांध्यांमधल्या प्रत्येक धुऱ्यावरून चढताना ती किंचाळायची, उतरताना विव्हळायची. गडी म्हणाला, "बाई, तेल घालाले टाइम नाही भेटला." मी म्हटलं, "तेल नको, बैल हाक." त्या सकाळी तेल हा शब्दही मला नको होता.

आमच्या छोट्या लाइनीची गाडी कधी वेळेवर येत नसे, तशी त्या दिवशीही आली नाही, आणि मला मिळाली. शाळा भरायच्या आत मी मुख्याध्यापिकेच्या खोलीत उभी होते, पायांना पाळीची माती. त्यांनी मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चौथीचा वर्ग दाखवला.

जीपचं पुढचं मला दिराने सांगितलं. त्याने चाकांपाशी असलेले स्क्रू सैल केले, आतलं तेल पिचकारीसारखं उडालं, चाकं सुटली. मग ब्रेकशिवायची जीप बैलांनी ओढत घरी आणली. पुढे गोंदियाच्या मिस्त्रीने सगळे रबर फुगलेले पाहून विचारलं, "हल्दी किसने डाली? सब्जी पकानी थी क्या?" नळ्या स्पिरिटने धुवाव्या लागल्या. दीर हे हसत सांगायचा. मामाजी हसले नाहीत. त्यांनी बायकोला विचारलं तेव्हा ती काही बोलली नाही. तेव्हापासून जीपची चावी ते स्वतःच्या खिशात ठेवत. गावात व्हायची ती चर्चा झाली. सुनेला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून सासूने करणी केली, पण सून निसटली. मीही तेच धरून चालले. त्या रागाचा मला उपयोगच झाला. शाळेत दमून खोलीवर आले आणि कशाला आले इथे असं वाटलं, की मी ते पिवळं तेल आठवायची आणि उठून स्टोव्ह पेटवायची.

सुट्टीत मी जात असे. दोन दिवस राहायची, मामाजींसाठी. आत्याबाई वाढत, मी जेवत असे. एकमेकींना आम्ही पूर्वीपेक्षाही कमी शब्दांत उरकायला शिकलो होतो.

काही वर्षांनी धाकट्या नणंदेचं लग्न झालं. तोपर्यंत जीप विकून टाकली होती, आणि नणंदेच्या सासरला जायला नाल्यापलीकडे मोटारीची वाटही नव्हती. ती रेंगीतून जायची होती. लग्नघरात बायका जागोजाग झोपलेल्या. मी पहाटे उठून विहिरीकडे चालले होते, तर गोठ्यापुढे आत्याबाई दिसल्या. हातात पितळी वाटी. त्या रेंगीच्या चाकापाशी बसल्या, वाटीतलं आसाच्या टोकाला घातलं, बोटाने आत सारलं. मग दुसऱ्या बाजूला गेल्या आणि तिथेही तसंच केलं. वाटीतलं तेल पिवळं होतं.

त्यांची थोरली जाऊ दात घासत उभी होती. मी तिला विचारलं, हे काय?

"लेकीच्या गाडीले मायनं हरदीचं तेल घालाव लागते," ती म्हणाली. "गाडी कुरकुरली त लेक रडत गेली म्हनतेत लोक. आमच्या घरची रीत आहे. तुले कोनी सांगितलं नाही काय?"

"सुनेसाठी पण घालतात?"

"सुनेले कायले? सून जाते कुठी?" आणि माझ्या कपाळाकडे पाहून ती चूळ भरायला वळली. विधवेच्या जाण्यात शुभ काय करायचं, हे तिला बोलायची गरज वाटली नाही.

नणंद गेली. रेंगी एक आवाज न करता पाळीवरून गेली. मांडव मोकळा झाल्यावर आत्याबाई स्वयंपाकघरात एकट्या बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर काम नसताना बसले नव्हते.

"जीपमध्ये तेल तुम्हीच घातलं होतं ना?"

"हो. मीनंच घातलं." त्यांनी वर पाहिलं नाही. "त्या गाडीचा आस कुठी आहे, मले सापडे ना. पोरगा बोलला होता, इथून चारी चाकांले जाते."

"मग सांगितलं काऊन नाही? मामाजींनी विचारलं तेव्हा तरी."

"काय सांगू? नवरा गेलेल्या सुनेले लेकीसारखी वाटे लावली म्हनून? बाया तुलाच बोलल्या असत्या."

 मी उगाच जवळचं एक भांडं सरळ केलं.

मग त्याच म्हणाल्या, "रेंगीले घालाले वेळ नाही भेटला पन. मी मागच्या दारी उभी होती. तलावाच्या पल्याडून, पार सौंदडच्या वाटेपर्यंत, तुझी कुरकुर आयकू येत होती."