नोंदणी-दोनकडून आलेला निरोप

मांजर आडवं गेलं तर मी मांजराला बाजूला करते आणि पुढे जाते. भूत, बाधा, संकेत यातलं काही मी मानत नाही, आजही नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड जातंय... पण घडलं ते जसंच्या तसं सांगते.

मी मेहकर तालुक्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटर विभाग सांभाळते. वय एकोणपन्नास. आमच्याकडे नोंदणी, लॅब, औषधं आणि वॉर्ड यांची सॉफ्टवेअर वेगवेगळी आहेत. एकाची माहिती दुसऱ्याकडे निरोपासारखी जाते. निरोप पोचला नाही की माझ्या स्क्रीनवर एरर येते. या एररचे मी चार प्रकार पाडले होते. नेट गेलं असेल तर निरोप आपोआप पुन्हा जातो. माहिती अपुरी असेल तर फोन करून विचारायचं. सॉफ्टवेअरच बिघडलं तर कंपनीला कळवायचं. आणि चौथा प्रकार दुबार – त्याच नंबरचा निरोप पुन्हा आला तर न उघडता बंद करायचा. हा नियम माझाच. रोज वीस-पंचवीस दुबार येतात, कोण उघडून बघणार?

मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. एक दुबार आला, मी बंद केला. दोन मिनिटांनी तोच परत. बंद केला. परत! असं सहा वेळा झालं.

शेजारच्या टेबलावर आमचा हार्डवेअरवाला नितीन चहा पीत होता. तो म्हणाला, "मॅडम, एवढा टाइम काऊन घालवून राह्यल्या? आपोआप बंद व्हायचा नियम लावून टाका न. नाहीतर तुमच्या रिटायरमेंटलोक येत राहीन थो."

मला पटलं. नियम तयार केला, आता फक्त 'सेव्ह' दाबायचं होतं. तेवढ्यात सातव्यांदा एरर आली आणि या वेळी माझं लक्ष पाठवणाऱ्याच्या रकान्याकडे गेलं.

नोंदणी-२.

हा काउंटरवरचा जुना कॉम्प्युटर. दोन महिन्यांपूर्वी नवीन सॉफ्टवेअर आलं, तेव्हा तो आम्ही बंद केला. त्याची हार्ड डिस्क मी स्वतः काढून घेतली, पाकिटात घालून सील केली आणि माझ्या कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. रिकामा डबा भंगाराच्या खोलीत.

मी निरोप उघडला. कौसल्याबाई, वय बासष्ट, जानेफळ. खाली एका अँटिबायोटिकचं नाव आणि पुढे – 'हे इंजेक्शन दिल्यावर श्वास अडकला. पुन्हा देऊ नये.' नोंद तीन वर्षांपूर्वीची.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये बाईंची फाईल काढली. जुनी माहिती भरताना या निरोपाचा नंबर आला होता, मजकूर कोराच राहिला होता. म्हणून तो दुबार ठरत होता! मजकूर कोरा, म्हणून फाईलवर आपोआप आलं होतं – ॲलर्जी: नाही. आणि बाई त्याच सकाळी महिला वॉर्डात भरती झाल्या होत्या.

वॉर्डचा फोन लागेना. मी जिन्याने धावत सुटले.

वंदना सिस्टर इंजेक्शन भरून पलंगाशी उभ्या होत्या. "थांबा!" मी दारातूनच ओरडले. "कोणतं आहे ते?"

त्यांनी नाव सांगितलं. तेच.

"पण मॅडम, फाईलवर तर ॲलर्जी नाही म्हणून लिहिलंय..."

"हाव, मांगच्या वक्ती इचा श्वास अडकला होता न," पलंगाच्या पायथ्याशी बसलेले बाईंचे यजमान म्हणाले.

"अहो बाबा, मग आज सांगितलं काऊन नाही?" सिस्टरचा आवाज चिरकला.

"आज कोनं इचारलं मले? त्या वक्तीच सांगतलं होतं काउंटरवर. मनलं, तुमच्या कम्प्युटरात हाये."

डॉक्टरांनी औषध बदललं. मी खाली आले तेव्हा स्क्रीनवर एररची यादी रिकामी होती. तो निरोप पुन्हा आला नाही.

नितीनला घेऊन कपाट उघडलं. पाकीट जागेवर, सील शाबूत, सीलवर माझीच सही. भंगाराच्या खोलीत डब्याला वायरसुद्धा नव्हती. नितीनने डबा दोनदा उलटापालटा करून बघितला.

कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, जुना निरोप कुठेतरी अडकला असेल. पण अडकलेले सगळे निरोप आम्ही कॉम्प्युटर बंद करतानाच पुसले होते, आणि या सातही निरोपांवर पाठवल्याची वेळ त्याच सकाळची होती. त्याने दोन दिवस तपासलं. शेवटी म्हणाला, "मॅडम, या नावाची मशीनच तुमच्या नेटवर्कवर नाही."

त्या आठवड्यात मी दोन महिन्यांचे सगळे दुबार एकेक करून उघडले. आणखी चौघांच्या फाईलवर असाच कोऱ्या मजकुरामुळे 'ॲलर्जी: नाही' आलेलं निघालं. ते दुरुस्त झालं. न उघडता बंद करायचा माझा नियम मी काढून टाकला, आता प्रत्येक दुबार उघडून वाचते.

पाच दिवसांनी कौसल्याबाईंना सुट्टी झाली. जाताना त्यांचे यजमान माझ्या टेबलाशी आले.

"बाई, त्या दिवशी तुमाले कोनं सांगतलं?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरने."

"भलं होवो त्याचं," म्हणत त्यांनी माझ्या टेबलावरच्या स्क्रीनला हात जोडले. निरोप पाठवणारा कॉम्प्युटर हा नव्हता; तो भंगाराच्या खोलीत पडला होता.