मातामायचा दोरा

मातामायपुढे मी हात जोडणं बंद केलं, तेव्हा माझी मुलगी रांगायलाही लागली नव्हती. देव मानत नव्हते असं नाही. मानत होते म्हणूनच भांडत होते. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला अशी कळ उठायची की पाण्याचा लोटा उचलताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. लोट्याचं मेलं एवढं काही नाही. पण तान्ह्या पोरीच्या काखेत हात घालून तिला उचलायला गेले की अंगठा दगा द्यायचा. ती हात वर करून रडायची आणि मी सासूला हाक मारायची. आपलंच लेकरू उचलायला दुसऱ्याला बोलवावं लागतं, याचा मला भयंकर राग येत होता. तो काढायला देवीइतकं जवळचं कोणी नव्हतं.

देश स्वतंत्र होऊन चार-दोन वर्षं झाली असतील. आमचं गाव सौंदडच्या जवळचं, धानाचं. वेशीवरच्या कडुनिंबाखाली शेंदराची मातामाय. कोणाचं काही दुखलं की तिच्या नावाचा, हळदीत भिजवलेला दोरा दुखऱ्या जागी बांधायचा, आणि तो बांधायचा मान माझ्या सासूचा. दोरा आपोआप गळून पडला की दुखणं गेलं असं समजायचं. मध्येच सोडायचा नाही, आणि कापायचा तर विचारही मनात आणायचा नाही. सासूनं मोठ्या मायेनं माझ्या मनगटावर तो आवळला आणि दर मंगळवारी त्यावर नवा वेढा चढवला. जितका घट्ट तितका गुण, असा तिचा हिशेब. त्यात रोवणीचे दिवस. दिवसभर वाकून धानाचं एकेक रोप अंगठ्यानं चिखलात दाबायचं. दोरा चिखलात भिजायचा, वाळला की आणखी आवळायचा. माझं दुखणं वाढत गेलं तशा बांधावरच्या बाया बोलू लागल्या की हिचा देवीवरचा भावच कमी पडतो.

एका मंगळवारी सगळ्यांनी हात जोडले आणि मी तशीच उभी राहिले. देवीला म्हटलं, "हात जोडाले हात त पायजे ना, माय? पयले माझा हात दे, मंग पाहू." सासूनं कानावर हात ठेवले. मला मात्र बरं वाटलं. खोटं खोटं वाकण्यापेक्षा हे बरं.

पोळ्याला माहेरी जायला निघाले. नवरा तिकिटं काढायला गेला आणि मी सौंदडच्या फलाटावर बोचक्याला टेकवून पोरीला बसवलं. गाडी आली, माणसं उठली, मी घाईनं तिला उचललं, आणि अंगठ्यातून कळ अशी गेली की हाताची पकडच सुटली. पोरगी घसरली. खाली फरशी, पुढे गाडी. तेवढ्यात शेजारून दोन हात आले आणि त्यांनी तिला अलगद झेललं.

पांढऱ्या लुगड्यातली ती बाई गोंदियाच्या एका दवाखान्यात नर्स होती. कोणाला तरी भेटून परत चालली होती. नवरा तिकिटं घेऊन धावत आला, आणि तीही आमच्याच डब्यात, आमच्याच बाकावर बसली. पोरगी तिच्या मांडीवर, आणि माझा हात तिच्या हातात. तिनं माझा अंगठा मुठीत घ्यायला लावून मनगट करंगळीकडे जरासं झुकवलं, तशी मी किंचाळले.

"ये धागा कोणी बांधला?" तिनं गोंदियाकडच्या हिंदी-मराठीत विचारलं. "सुजलेल्या नसेवर गाठ? हा आधी काढा."

"मातामायचा हाय. कापता नाही येत."

तिनं पिशवीतून कात्री काढून माझ्यापुढे धरली. "मी नाही काटणार बाई. देवी तुमची, हाथ तुमचा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत बसला. मग डाव्या हातानं मीच कापला. वीज पडली नाही. दोऱ्याखाली कातडी पांढरी, भिजून फुगलेली होती. नर्सनं जुन्या लुगड्याच्या पट्टीत बांबूची पातळ चिपटी गुंडाळून अंगठा आणि मनगट कसं सैलसर, पण हलणार नाही असं बांधायचं ते दाखवलं. दोन बोटांत धरून पिळणं, धुणं सध्या बंद. तेल लावून रगडणं तर अजिबात नाही. पोरीला काखेत धरून उचलायचं नाही. तळहात वर करून, सुपात धान घ्यावं तसं खालून घ्यायचं, भार कोपरावर. ठणका ओसरला की कोमट पाण्यात हात बुडवून अंगठा हळूहळू उघडायचा, मिटायचा. "जोर नको," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "दुखलं की थांबा. हाथ को छोड़ दो, वो खुद आएगा." गोंदियाला उतरून ती गर्दीत गेली. नावही विचारायचं राहिलं.

परत आले तेव्हा सासूनं मोकळं मनगट पाहिलं आणि अंगणातच बसली. "कापलास काऊन वं? घरावर काही आलं त कोनाले सांगू?"

मी वेशीवर गेले, कापलेला दोरा पदराच्या गाठीतून काढला, सगळ्यांदेखत मातामायच्या पायाशी ठेवला. म्हटलं, "तुझं हाय, तूच घे. पोरगी माझी हाय." बांबूची चिपटी घालून मी सगळ्यांपुढून फिरले. हसणाऱ्या हसल्या.

हात एका दिवसात सुधारला नाही. कधी कमी, कधी पुन्हा ठणका. हट्टानं जोर केला की दुखायचं, सोडून दिलं की सैल पडायचं. जन्मभर मला आवळून धरणं तेवढं ठाऊक होतं. सोडणं मी त्या कोमट पाण्यात शिकले. धान कापणीला आलं तेव्हा पोरगी माझ्या कडेवर होती. सासू आता सांगत सुटली की सौंदडला खुद्द मातामायच आली होती. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्या बाईच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तिनं आमच्यातले फुटाणे खाल्ले होते, आणि माझी पोरगी झेलली होती. एवढं मला पुरे होतं. हात मात्र मी अजूनही जोडले नव्हते. बरा झाला म्हणून लगेच वाकायचं, हे मला जमेना.

मग एका मंगळवारी मातामायपाशी शेजारची बाळंतीण आली. तेच मनगट, तीच कळ. सासूनं हळदीचा दोरा घेतला, तिच्या सुजल्या हातावर नेला, आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही. "तो दुसरा हात दे वं," ती त्या बाळंतिणीला म्हणाली, आणि चांगल्या हातावर बोटभर जागा ठेवून दोरा बांधला. मग मला म्हणाली, "हिले ते बांबूचं दाखव."

मी कडेवरची पोरगी खाली ठेवली. मातामायकडे पाहिलं. आणि हात जोडले.