आमचा क्युबिट टिकत न्हाई

तो येडगावकडच्या आमच्या वाडीतला, बंगलोरला संशोधक. अतिथंड ठेवलेल्या धातूची बारीक सर्किटं, म्हणजे क्युबिट, जोडून नव्या तऱ्हेचा संगणक घडवू पाहणाऱ्यांतला. सुट्टीला आला, की कुठल्याही बिघाडावर त्याचा एकच प्रश्न, "पण हे येतं कुठनं?" 'असंच होतं' हे उत्तर त्याला चालतच नसे.

वाडीनं त्याचा सत्कार ठेवला. पाहुणे पुढारी त्याला शाल घालून माइकवर गरजले, "आपल्या पोरानं जगात भारी कॉम्प्युटर बनवला!" टाळ्या पडल्या.

हा उठला. "न्हाई बनवला. आमचा क्युबिट टिकत न्हाई. उष्णता, तारांतनं येणारा गोंगाट, चुंबकाचा परिणाम, जमंल तेवढं अडवलं. तरी क्षणात विस्कटतो. धातूवरच्या ऑक्साइडच्या पातळ थरात दोष हायेत. मी त्येच शोधतोय."

"पोरा, चारचौघांत आमचं नाक कापलंस," पुढारी पुटपुटले. मागून कुणी तरी खिदळलं, "इतकी वर्षं बिघाडच शोधतो व्हय?"

माझं डोकंच फिरलं. घरातला पहिला पदवीधर मी. खोट्याला टाळ्या आणि खऱ्याला हसू, हेच बघायला शिकलो का आम्ही?

त्यानं मात्र शालीची नीट घडी केली आणि पुढाऱ्यांच्या मांडीवर ठेवली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. टिकला, की न्यायला येतो."