कुसुमवन्सं आणि अंगातली दोरी

प्रयोगशाळेतली वीज गेली की कुसुमवन्सं सियालदहच्या मासळीबाजारातून बर्फ घ्यायच्या आणि आपलं नाजूक सामान त्यात ठेवून घरी आणायच्या. बागबाजारच्या आमच्या घरात देवघराबाहेरची फरशी सगळ्यात गार, म्हणून डबा तिथे. डब्याला मासळीचा वास येई. आमचे हे चिडवायचे, "अक्का, पुरती बंगाली झालीस! आणि एकटीच खातेस?" एकदा मी डबा धुवायला म्हणून उघडला आणि किंचाळलेच. आत उंदरांच्या शेपट्या होत्या.

"ओरडतेस काय, कमल? आधी बघ, मग घाबर," वन्सं म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचंच वाक्य.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नव्हतं, कॅन्सरवर संशोधन करायच्या. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. तरी मी पोळ्या लाटत असले की त्या शेजारी बसून सगळं सांगायच्या. शेपटीतून पांढरे रेशमासारखे धागे निघतात, त्याला कोलॅजन म्हणतात. "आपलं अख्खं अंग याच दोरीनं बांधलेलं आहे," त्या म्हणत. ते धागे विरघळवून त्या काचेच्या बशीत खळीसारखे थिजवत आणि त्यावर कॅन्सरच्या गाठीचा बारीक तुकडा ठेवत. तुकड्याखालची खळ विरघळून भोक पडे. पेशी आपल्याच अंगातून कात्रीसारखं काहीतरी सोडतात आणि दोरी कापतात, ते हे असं दिसे.

"म्हणजे बाहेरून काही येत नाही?" मी हबकून विचारलं होतं.

"छे गं! बाळंतपणानंतर तुझी पिशवी आवळली, ती याच कात्र्यांनी. काम झालं, त्या थांबल्या. कॅन्सरच्या पेशी थांबत नाहीत. दोरी कापत वाट काढतात आणि दुसरीकडे जाऊन संसार थाटतात."

त्या वर्षी दिवाळीत पहिल्या आंघोळीला वन्सं तेल लावून घेईनात. "मला उशीर होतोय," म्हणाल्या. पण सणाच्या दिवशी घरातल्या माणसाला कोरडं कसं सोडायचं? मी पाट मांडला, हात धरून बसवलं. दंडाला तेल लावता लावता माझी बोटं काखेत गेली आणि तिथेच थांबली. सुपारीएवढी टणक गाठ.

"लाव की तेल," त्या म्हणाल्या.

"वन्सं, हे काय?"

"तुला कळलं ना, तेच."

"तुम्हाला कधी कळलं?"

"उन्हाळ्यात. तेव्हा नुसती छातीत होती."

मी तेलकट हातांनी तशीच खाली बसले. दिवसभर हेच बघणारी बाई!

"मग दाखवलं का नाही?" त्यांच्यापुढे माझा आवाज पहिल्यांदाच चढला.

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. "भिंगाखाली बघताना हात थरथरत नाहीत गं. इथे हात ठेवला आणि पुढे बघवेना. वाटलं, बोटांचीच चूक असेल."

लगेच ऑपरेशन झालं, छाती काढली. वन्संनी सर्जनकडे हट्ट धरून गाठीचा एक तुकडा आपल्या प्रयोगशाळेत पाठवायला लावला. तिथल्या सहकाऱ्यांनी तो बशीतल्या खळीवर ठेवला. निकाल सांगताना वन्संचे डोळे चमकत होते. "सगळं पाणी झालं! इतका स्वच्छ निकाल आजवर कधी आला नव्हता." हे खोलीतून उठून गेले. मला काय वाटलं ते मला आजही सांगता येत नाही. ही बाई आनंदानं बोलत होती, आणि कशाबद्दल! मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "कमल, एवढी कापणारी गाठ... तिनं वाट काढलीच असेल, नाही?" डॉक्टरांना नाही, मला विचारलं.

जखमेची पट्टी मीच बदलायची. त्या आरसा मागायच्या. "बघ, नवी दोरी कशी विणली जातेय. अगदी नेटकी." खरंच नेटकी होती. पण थंडी सरता सरता खोकला लागला, मग पाठ दुखू लागली, आणि डॉक्टरांनी यांना बाहेर बोलावून घेतलं.

वन्सं गेल्या त्या दुपारी त्यांचं अंग मी पुसलं. छातीवर बारीक गुलाबी रेघ होती, कुठे ओल नाही, सूज नाही. जखम पूर्ण भरून आली होती.