दुसरा कुठाय?
इथे आयर्लंडमधल्या ड्रोहेडात झड लागली की आमच्या खिडकीतल्या कच्च्या मातीच्या बैलाला अजून ओला वास सुटतो आणि मला तो शनिवार आठवतो. आई-बाबा गावाहून आम्हाला भेटायला म्हणून आले आणि बाबा आजारी पडून इथल्याच हॉस्पिटलात अडकले होते. भेटीची वेळ होईपर्यंत आईला मी लायब्ररीतल्या मातीकामाच्या वर्गाला नेलं. शिकवणाऱ्या जपानी बाई म्हणाल्या, आमच्याकडे पूर्वी राजाला पुरून वर टेकडी रचायचे आणि मेलेल्याला सोबत म्हणून मातीचे पोकळ घोडे उभे करायचे. मराठीत सांगताना मी मेलेल्याचं गाळलं, फक्त सोबतीचं सांगितलं. आईने लगेच बैल केला, बेंदराच्या सणाला करते तसा, भरीव. भट्टीत फुटेल, बाई म्हणाल्या. “आमच्यात बैल भाजत न्हाईत,” आई म्हणाली. संध्याकाळी तिने तो बाबांच्या हातात ठेवला. त्याच्या वशिंडावरून अंगठा फिरवत बाबा कितीतरी दिवसांनी स्पष्ट बोलले, “दुसरा कुठाय?” बेंदराला बैल जोडीनेच करतात, पण वर्गात माती एकापुरतीच मिळाली होती. “वाळतोय घरी,” आई म्हणाली. पुढच्या शनिवारी दुसरा करायचा होता, बाबा त्याआधीच गेले. आई परत निघाली तेव्हा मी म्हटलं, सण झाल्यावर सोडतेस तसा हा नदीत सोडूया. “एकट्याला सोडत न्हाईत,” ती म्हणाली. तो अजून खिडकीतच आहे, वशिंडाला चीर गेलीय, आणि तिकडे गावी आई आता बेंदराला माती आणत नाही.